टाकी रिकामी, आकडा अर्ध्यावर: माझा अनुभव

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते मोबाईलवर दिसावं, एवढंच हवं होतं. जोडणी आणि कोड एका दुपारी उरकले. सेन्सर जेएसएन-एसआर०४टी घ्या. स्वस्तातला एचसी-एसआर०४ टाकीतल्या दमटपणात टिकत नाही. दोन्हींचं काम तेच: ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडायचा, पाण्यावरून परत यायला लागलेला वेळ मोजायचा, आवाजाच्या वेगाने गुणून निम्मा करायचा.

घोडं अडलं ते शिडीपाशी. आमच्या सिमेंटच्या टाकीचं झाकण कोपऱ्यात आणि त्याखालीच लोखंडी शिडी. सेन्सर झाकणाला लावला, तर पाणी मीटरभर खाली जाईपर्यंत आकडा चोख. त्यानंतर पाणी उतरत राहायचं आणि आकडा १०० सेंटिमीटरवर ठाण मांडून बसायचा. मोबाईलवर टाकी अर्धी, नळाला थेंब नाही. मग काय, सगळे माझ्याच दारात!

आवाज सरळ रेषेत जात नाही, पसरत जातो. मीटरभर खाली शिडीची रुंद पट्टी होती. तिचा प्रतिध्वनी आधी परत यायचा आणि सेन्सर पहिल्यालाच खरं मानतो. पट्टीवर धुतलेला जाड टॉवेल टाकला, तेव्हा आकडा झटकन पाण्यावर गेला. उपाय उघड होता: सेन्सर टाकीच्या मध्यावर न्यायचा, स्लॅबला एक भोक पाडून.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "स्लॅबला हात लावायचा नाही. वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाईल." अर्ज दिला. मीटिंगमध्ये विषय पार्किंगनंतर आला, म्हणजे आलाच नाही. पुढच्या मीटिंगला एक काका म्हणाले, "त्यापेक्षा फ्लोट स्विच बसवा ना." फ्लोट स्विच पंप बंद करतो, काका, पाणी किती उरलंय ते सांगत नाही. टँकर मागवायचा की नाही हे त्यावरच ठरतं! परवानगी आजतागायत आलेली नाही.

शेवटी झाकणाच्या चौकटीला ॲल्युमिनियमचा चॅनल कसला, तो आतल्या आत मध्यापर्यंत नेला आणि टोकाला सेन्सर लावला. भोक नाही, अर्ज नाही. आकडा तळापर्यंत उतरताना बघून जो आनंद झाला, तो मीटिंगमध्ये मुद्दाम दाखवला.

हो, चॅनल लावताना एक बघा: या सेन्सरला साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपापासून तेवढा वर ठेवा.

नोडएमसीयू (३.३ व्होल्टवर चालणारा छोटा वाय-फाय बोर्ड) वापरत असाल तर इकोच्या, म्हणजे सेन्सरकडून बोर्डाला सिग्नल आणणाऱ्या, तारेवर दोन रेझिस्टर लावून ५ व्होल्ट ३.३ वर आणा.

आणि कोडमध्ये सगळीकडे दिसणारं "५८ ने भागा" (मायक्रोसेकंदांतला वेळ भागिले ५८ म्हणजे सेंटिमीटर) हे साधारण २२ अंश सेल्सिअसचं गणित आहे. मे महिन्यात टाकीतली हवा ३५ अंशांवर गेली, की आवाज जोरात धावतो आणि दोन मीटरवरचं पाणी चार-पाच सेंटिमीटर वर दिसतं. आमच्या टाकीला तेवढं चालतं. तुम्हाला चालत नसेल तर शेजारी तापमानाचा सेन्सर टांगा आणि सेकंदाला किती मीटर हा वेग ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान असा काढा.