21-22 वर परत हरले, परत थंबवरच (आणि भाच्याचा स्लो मोशन व्हिडिओ)

रविवारी कॅरम लीगमध्ये हरले. कशी हरले ते कुणालातरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाहीये, म्हणून रात्री साडेअकराला टाईप करत बसलेय, चुका सांभाळून घ्या.

तिसरा गेम, सातवा बोर्ड (म्हणजे सातवा डाव), 25 ला गेम, मी 22 आणि समोरचा 21. समोरचा म्हणजे कॉलेजात जाणारा पोरगा, दर वेळी एकदम अदबीने ‘काकू, तुमची टर्न’ म्हणणार आणि तेवढ्याच अदबीने माझ्या सोंगट्या फ्रेमला नेऊन चिकटवणार. मी काळ्या. माझी एक सोंगटी आणि राणी शिल्लक, त्याच्या तीन पांढऱ्या. राणी कट मारून उजव्या वरच्या पॉकेटला घातली, या सीझनमधला माझा सगळ्यात देखणा कट, मागे उभ्या आमच्या कॅप्टनने ‘क्या बात’ म्हणलेलं मी ऐकलं. आता फक्त कव्हर, म्हणजे राणीपाठोपाठ आपली एक सोंगटी घालायची, नाहीतर राणी परत जाते. कव्हर बसलं की त्याच्या तीन सोंगट्यांचे तीन आणि माझे 25, मॅच खिशात. (22 ला पोचलं की राणीचे तीन पॉइंट मिळत नाहीत, तेव्हा सोंगट्यांचे तीनच.)

पण ती शेवटची काळी कुठे होती? डाव्या बेस पॉकेटपासून चार बोटं, बेस लाईनच्या मागे, फ्रेमपासून सुटी. म्हणजे थंब, मागच्या सोंगटीला अंगठ्याने मारायचा शॉट. सरळसोट, पोराटोरांचा थंब. घरी डोळे झाकून जाते ती.

स्ट्रायकर सोंगटीला लागला, सोंगटी पॉकेटच्या ओठावर गेली, हलली आणि तिथेच बसली. स्ट्रायकर मात्र शहाण्यासारखा थांबला. राणी परत सेंटरला. मग त्या पोराने एक पांढरी, राणी, कव्हर आणि शेवटची पांढरी असं सगळं एका चान्समध्ये उचललं. माझी एक सोंगटी शिल्लक म्हणून एक, राणीचे तीन, 21 चे 25. तो 22 ला असता ना, तर राणीचे त्यालाही मिळाले नसते, 23 वर अडकला असता आणि आठवा बोर्ड झाला असता. एका पॉइंटने कमी होता म्हणून जिंकला! शेकहँड करताना म्हणाला, ‘काकू, मस्त खेळलात.’ यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मागच्या वेळी लिहिलं होतं की थंब सुटतोय, पाऊस थांबला की ठीक होईल. तर आता आकडे ऐका. मी वही ठेवते. घरी रोज रात्री 50 थंब, मागच्या आठवड्यात 31, 34, 29, 36. लीगमध्ये आत्तापर्यंत सहा थंब मारलेत. गेलेले शून्य. एकही नाही.

सगळ्यात आधी अर्थातच पावसाला धरलं. डोंबिवलीतली जुलैची हवा म्हणजे पापड सकाळी तळला तर दुपारी चामडं होतो, तिथे प्लायवुडचं काय घेऊन बसलात. नियमाची टेस्ट तर माहितीये, 15 ग्रॅमचा स्ट्रायकर जीव खाऊन मारला की समोरच्या फ्रेमला लागत येत-जात निदान साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. आमच्या घरच्या बोर्डवर जुलैत अडीच होत होत्या, तिसरीला स्ट्रायकर मधेच आजारी पडल्यासारखा थांबायचा. मग 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब शोधला (एलईडी काही कामाचा नाही, उजेड देतो पण ऊब देत नाही), बोर्डवर हातभर उंचीला टांगला, दीड तास ठेवला, कोरड्या मलमलने पुसलं, आणि साडेतीन काय, चौथी पण अर्धी झाली. बोरिक पावडरच्या डबीत कपड्यात बांधून तांदूळ टाकले, गुठळ्या होत नाहीत. अजूनही बोर्डवर टाल्कम टाकणारे लोक आहेत त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत आणि ते हे वाचतात. बोरिकमुळे सोफा कायम पांढरा असतो पण घरात एक झुरळ नाही, नवऱ्याला गप्प करायला एवढा मुद्दा पुरतो.

पण मग गंमत अशी की लीगचा हॉल आमच्या घरापेक्षा कोरडा निघाला. वर दिवे, बोर्ड चांगला टणक, माझे कट आणि डबल (फ्रेमवरून परतवून घातलेले शॉट) तिथे घरच्यापेक्षा जास्त जातात. म्हणजे पावसावर आळ घेता येत नाही. तीन आठवडे बल्बखाली घाम गाळला तो फुकट. अगदीच फुकट नाही, बोर्ड वाचला.

दुसरा संशयित स्ट्रायकर. मे महिन्यात ऑनलाईन एक घेतला होता, आत चमचम असलेला, दिसायला लग्नातल्या बांगडीसारखा, वर लिहिलेलं ‘टूर्नामेंट 15 ग्रॅम’. हातात जड वाटायचा म्हणून गल्लीतल्या सोनाराकडे वजन करायला गेले, त्याने आधी विचारलं मोडायचाय का. 15.8 भरला! 15 च्या वर चालतच नाही, लीगमध्ये कुणी वजन केलं असतं तर नाक कापलं गेलं असतं. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं की ‘मॅडम जड स्ट्रायकरला डिमांड आहे’. असो. आता आधीचाच जुना, 14.6 चा, कडा गोल झालेला, तोच घेऊन जाते. माझं मत विचाराल तर स्ट्रायकर दुकानात जाऊन, काचेवर गरकन फिरवून, डगमगतो का ते बघूनच घ्यावा, फोटो बघून घ्यायची वस्तू नाही ती. पण सहातले शेवटचे तीन थंब या जुन्या स्ट्रायकरने मारलेत आणि तेही गेले नाहीत, तेव्हा हाही सुटला.

तिसरी थिअरी सासूबाईंची. त्यांचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, तिथे बोर्ड पाण्याच्या पिंपावर ठेवून उभ्याने खेळायचे, आणि त्यांच्या मते अंगठा मारणं हेच मुळात रडीचं, ‘आमच्यात अंगठा बाद होता’. फेडरेशनच्या नियमात चालतो म्हणून तीनदा सांगितलं, पटत नाही. बरं तर बरं, त्यांचं निदान होतं माझं नेलपॉलिश. नखाला गुळगुळीत थर असतो म्हणून स्ट्रायकर घसरतो म्हणे. मी हसले, पण रात्री गुपचूप अंगठ्याचं पॉलिश काढून नख पार मुळापर्यंत कापलं. 50 त 33. काहीच फरक नाही, वर दोन दिवस भांडी घासताना झोंबलं.

मग मंगळवारी भाचा आला. अकरावीत आहे, खेळत नाही, पण मोबाईल हातात असला की देव. त्याला म्हणलं माझा थंब शूट कर, स्लो मोशनमध्ये, बाजूने, बोर्डच्या लेव्हलला फोन ठेवून. घरचे वीस शूट केले, सगळे बघून घ्या, स्ट्रायकर बोर्डला चिकटून सरपटत जातो. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याला घेऊन लीगच्या हॉलवर गेले, बुधवारी प्रॅक्टिस असते. पहिलाच व्हिडिओ लावला आणि दोघंही ‘अरेच्चा’.

स्ट्रायकर उडतोय! अगदी थोडा, पुढची कड कागदभर उचलली जाते, आणि तो सोंगटीला ढकलण्याऐवजी तिच्या खांद्यावर चढल्यासारखा लागतो. म्हणून जोर पोचत नाही, म्हणून सोंगटी ओठावर जाऊन बसते. सहाच्या सहा वेळा हेच झालं असणार, मी आपली ‘नर्व्हस झाले, नर्व्हस झाले’ म्हणून डायरी भरतेय.

का उडतोय? भाच्याने दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, ‘मावशी, तू इथे एवढी खाली का बसलीयेस?’ तेव्हा ट्यूब पेटली. घरी आम्ही खाली मांडी घालून खेळतो, बोर्ड टीपॉयवर नाही, पाटावर. म्हणजे बोर्ड माझ्या गुडघ्याच्या लेव्हलला आणि मी वरून वाकलेली, मनगट सरळ, अंगठा जमिनीला समांतर सुटतो. लीगमध्ये खुर्ची आणि स्टँड. मी टेप घेऊन गेलेच होते (सवय), स्टँड 68 सेंमी, खुर्ची 42. नियमाच्या आतच आहे दोन्ही, स्टँड 63 ते 70 आणि खुर्ची 40 ते 50 चालते, पण माझी उंची पाच फूट. फ्रेम येते माझ्या छातीशी. आता तिथे बसून बेस लाईनच्या मागच्या सोंगटीला अंगठा मारायचा तर कोपर वर जातं, मनगट मोडतं आणि अंगठा वरून खाली येतो, स्ट्रायकरच्या मागच्या कडेवर. मागची कड दाबली की पुढची उचलणारच. कट आणि डबलला हा त्रास नाही कारण तिथे बोट पुढे जातं, हात लांब असतो.

तीन आठवडे बल्ब, तांदूळ, सोनार, नखं. आणि भानगड खुर्चीची!

लगेच मनात आलं की गादी घ्यायची, चार इंची, खुर्चीवर टाकायची. कॅप्टनला फोन केला (रिटायर्ड रेल्वे, नियमांचं पुस्तक पाठ). ते म्हणाले गादी धरून 50 च्या आत असेल तर मी भांडेन, पण दर हॉलवर खुर्ची वेगळी मिळणार, तू गादीचे मजले चढवत बसणार का? मुद्दा बरोबर होता. म्हणून उलटं केलंय, लीग घरी आणलीय. खाली बसणं बंद. डायनिंग टेबल 75 सेंमी, खुर्चीवर उशी घालून 49 वर आणली, फरक तोच 26 चा. बोर्ड टेबलावर. जेवायचं खाली. नवरा म्हणाला आता पाटाचा उपयोग झाला एकदाचा.

पहिल्या रात्री 50 त 9. नऊ! रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या रात्री करंगळीकडची बाजू आणि अनामिका बोर्डवर टेकवून ठेवली, कोपर मुद्दाम खाली पाडलं आणि खुर्ची एक वीत मागे घेतली, 17. काल 24. हे 24 मला घरच्या 36 पेक्षा जास्त गोड लागले. कारण यातल्या चारांत सोंगटी पॉकेटच्या दोन्ही कडांना न लागता आत गेली, टप् असा आवाज येतो ना, तोच.

पण हे सगळं लिहिता लिहिता मगाशी वही उघडली, सहा थंबची तारीख शोधायला, आणि आता वेगळंच दिसतंय. सहापैकी चार वेळा ती माझी शेवटची सोंगटी होती. शेवटची! म्हणजे अवघड सोंगटी मी दर वेळी मागे ठेवते, सोप्या सोप्या वेचून घेते आणि मग प्रेशरमध्ये, 15 सेकंदांत, अंपायर घड्याळ बघत असताना ती एकच उरते. रविवारचंच घ्या, त्या बोर्डमध्ये माझ्या तीन सोंगट्या असताना राणी दिसत होती, कव्हरला वरच्या पॉकेटसमोर एक आयती बसलेली होती. तेव्हा राणी घ्यायची, आयतीने कव्हर करायचं आणि थंबवाली आधी हलवून ठेवायची, नुसती फ्रेमला धडकवून पुढे आणली असती तरी चाललं असतं. कॅप्टन त्या दिवशी घरी जाताना एवढंच म्हणाले होते, ‘22 ला राणी म्हणजे तुझ्यासाठी नुसती कामवाढ, ती लवकर उरकायची.’ मला वाटलं सांत्वन करतायत.

तर प्लॅन बदलला. रोज 50 थंब नाही, 25. उरलेला वेळ नुसतं सोंगट्या विस्कटून पाच-सहा ठेवायच्या, त्यातली एक बेस लाईनच्या मागे, आणि आधी तीच काढायची किंवा हलवायची, मग बाकीच्या. आणि डाव्या हातानेही थंब बघायचाय, उजव्या पॉकेटला हात जास्त सरळ जातो असं वाटतंय, आज वेळ नाही झाला.

चांगली बातमी राहिलीच. डबल्समध्ये आम्ही जिंकलो, आणि दुसऱ्या बोर्डला मी एका चान्समध्ये सात काढल्या, त्यातल्या दोन फ्रेमला चिकटलेल्या. सात! पार्टनर एकदाही स्ट्रायकरला न शिवता बसून होती, नंतर म्हणाली मी व्हॉट्सॲप बघून घेतलं. भाच्याला फुशारकीने सांगितलं तर म्हणतो, चेन्नईच्या काझिमाने 2024 मध्ये अमेरिकेत कॅरम वर्ल्ड कपला तीन गोल्ड जिंकली तेव्हा ती 17 ची होती. बरं बाबा.

आत्ताच कॅप्टनचा मेसेज आला, पुढच्या रविवारी माझ्यासमोर त्या पोराचा मोठा भाऊ आहे आणि तो डावखुरा आहे. डावखुऱ्याबरोबर कधी खेळले नाहीये. त्याला अवघड सोंगटी कुठली ते समजायला हवं, मग तिथेच नेऊन ठेवता येईल. सासूबाई लहानपणी डाव्या हाताने खेळायच्या म्हणे, त्यांना उद्या टेबलावर बसवते. अंगठा मारणार नाहीत, ते वेगळं.