सिडनी, लाल दोरा आणि बाबांचा पूल

मंगळवार, रात्री

सहलीचा तक्ता आज पुरा झाला म्हणून मी जरा ऐटीतच होते. सिडनीचे दहा दिवस, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. नमुन्यादाखल सोमवार: सकाळी मॅन्ली, अकरा वाजता वॉटसन्स बे, जेवण झालं की तारोंगा प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी ऑपेरा हाउस. फोनवरच्या नकाशात ही चारही ठिकाणं एका अंगठ्याखाली झाकली जातात.

बाबांनी तक्ता वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मधलं पाणी कशाने ओलांडणार आहात?"

बाबा ७६ वर्षांचे. उभं आयुष्य पुलांचे नकाशे काढण्यात गेलं. फोनने सांगितलेल्या अंतरावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. नकाशा कागदावर छापून घ्यायला लावला, शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला आणि वॉटसन्स बेवर टाचणी टोचली. मॅन्लीपर्यंत सरळ ताणला तर दोरा चार बोटं. मग तोच दोरा रस्त्याने न्यायला लागले. आधी उलटं पश्चिमेला शहरात, हार्बर ब्रिजवरून उत्तरेला, मग वळून पुन्हा समुद्राच्या दिशेने, वाटेत स्पिट ब्रिज. प्रत्येक वळणावर नखाने दाबून धरत होते. मॅन्ली यायच्या आतच दोरा संपला आणि दुसरा तुकडा जोडावा लागला.

"आणि हा स्पिट ब्रिज उचलायचा आहे," बाबा खुशीत म्हणाले. "उंच शिडाची बोट आली की ठरलेल्या वेळी वर जातो. गाड्या थांबतात."

माझा सोमवार तिथेच बारगळला.

बुधवार

काल झोपच लागेना, म्हणून या बंदराबद्दल वाचत बसले. सिडनीचं बंदर म्हणजे मुळात नदीची दरी. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी वाढली, पाणी आत शिरलं आणि दरी बुडाली. ओढे येऊन मिळायचे तिथे खाड्या झाल्या, मधले डोंगर भूशिरं होऊन वर राहिले. म्हणून किनारा असा फाटल्यासारखा दिसतो. समोरच्या घरातलं वाळत घातलेलं दिसावं, पण तिथे जायला अर्धा तास लागावा, असं ते शहर आहे.

मी नकाशा माझ्या सवयीने वाचत होते: जमीन म्हणजे रस्ता, पाणी म्हणजे अडथळा. इथे उलट आहे. बहुतेक सगळ्या सार्वजनिक बोटी सर्क्युलर कीच्या धक्क्यावर येतात, तिथून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला ऑपेरा हाउस, पाठीमागे रेल्वे स्टेशन. तारोंगाला बोटीने साधारण बारा मिनिटं, मॅन्लीला अर्धा तास.

तेव्हा रंगीत तक्ता पुसून टाकला. आता एका दिवशी एकच काडी. तारोंगाच्या दिवशी दुसरं काही नाही. प्राणिसंग्रहालय टेकडीच्या उतारावर आहे आणि बोट खाली पोचवते. धक्क्यावरून बस पकडून वरच्या फाटकापाशी उतरायचं आणि रमतगमत खाली येत धक्का गाठायचा. बाबांच्या गुडघ्यांना हे झेपेल. खालून वर चढत गेलो असतो तर जिराफापर्यंतसुद्धा पोचलो नसतो.

ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे दहा दिवसांत निम्मंच बघायचं?" हो, निम्मंच. याला घड्याळाच्या काट्यावर चालायला आवडतं. बोटीच्या वेळापत्रकाचं काम त्याच्याकडेच दिलं, गप्प बसला.

गुरुवार

आज हिशेब. तिथे ओपल कार्ड चालतं, नाहीतर आपलं नेहमीचं बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं तरी भागतं. बोट, ट्रेन, बस, ट्राम सगळीकडे एकच. चढताना टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. विसरलात तर सगळ्यात लांबचं भाडं कापतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आणि लेकीला निम्मं भाडं हवं असेल तर मुलांचं ओपल कार्डच घ्यावं लागेल. बँकेच्या कार्डाला तिचं वय कळत नाही.

दिवसभरात कितीही फिरा, ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. शुक्रवार ते रविवार ही मर्यादा जवळपास निम्मी होते. म्हणून ब्लू माउंटन्सची सहल मी शनिवारी टाकली. सेंट्रल स्टेशनपासून कटूंबापर्यंत ट्रेनने दोन तास, तरी तेच कार्ड चालतं.

एक मेख मात्र आहे. विमानतळाच्या स्टेशनावर भाड्याशिवाय माणशी वेगळा आकार आहे, आणि तो रोजच्या मर्यादेत बसत नाही. चौघांचा आकडा मांडला आणि टॅक्सीचा भाव बघितला. सामान धरून टॅक्सीच बरी.

शनिवार

तारखांनी घोळ घातला. मी ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरून चालले होते. तिथे तो वसंत, न थंडी, न काहिली. पण ऑक्टोबरचा पहिला सोमवार तिथे कामगार दिनाची सुट्टी, शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस. वर शाळांनाही त्याच सुमारास सुट्टी. खोल्यांचे भाव बघून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. शिवाय त्याच रविवारी पहाटे तिथली घड्याळं एक तास पुढे जातात. उतरल्या उतरल्या झोपेचं आधीच खोबरं, त्यात आणखी एक तास कोण गमावणार?

आता महिन्याच्या अखेरीला जायचं ठरलं. पाणी तेव्हाही गारच असेल. पण दक्षिणेकडे परतणारे हम्पबॅक देवमासे नोव्हेंबरपर्यंत किनाऱ्याने जात असतात, आणि किरिबिलीच्या गल्ल्यांत जॅकरँडा फुलायला लागलेला असतो. हे मला आधी माहीत असतं तर पहिला आठवडा मनातसुद्धा आणला नसता.

लेकीला फक्त लाटा हव्या आहेत. बाँडीच्या किनाऱ्याचा हट्ट होता, मी मॅन्लीवर आणली, कारण तिथे जाणं हीच अर्धी मजा आहे. बोट ऑपेरा हाउसला उजव्या हाताला घेऊन निघते, म्हणून जाताना उजवी बाजू धरायची. पूल बघायचा तर मागे कठड्यापाशी. पुढे बंदराचं तोंड लागतं. नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांमधून महासागराची लाट थेट आत येते आणि बोट चांगलीच डोलते. बाबांच्या उलटीच्या गोळ्या यादीत टाकल्या. त्यांनी खोडल्या. मी पुन्हा टाकल्या.

पोहण्याबद्दल लेकीला फोटो दाखवूनच शिकवावं लागलं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, जीवरक्षकांचं लक्ष तिथे असतं. एका फोटोत दोन्हीकडे फेसाळ लाटा होत्या आणि मध्ये शांत, गडद पाण्याचा पट्टा. विचारलं, कुठे उतरशील? तिने त्या शांत पट्ट्यावर बोट ठेवलं. मीही तिथेच ठेवलं असतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत समुद्रात जातं, आणि माणसाला बरोबर घेऊन जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा. तिने दोनदा पाठ म्हणून दाखवलं, मग विचारलं, "आणि हात वर केलेला कुणी बघितलाच नाही तर?" म्हणून झेंडे, असं मी म्हटलं. तरी रात्री उशिरापर्यंत तो फोटो माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

रविवार, दुपार

व्हिसाचे अर्ज. चौघांचे चार, लेकीचाही वेगळा. पंचाहत्तरी उलटल्यामुळे बाबांना वैद्यकीय तपासणी करावी लागेल, तीही ऑस्ट्रेलिया सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. म्हणजे आधी तपासणीची वेळ, विमानाची तिकिटं नंतर. मी नेमकं उलट करायला निघाले होते. औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खाण्याचं काहीही बरोबर असलं तर विमानातल्या फॉर्मवर सांगून टाकायचं; बिया, फळं, मध यांच्या बाबतीत ते फार कडक आहेत. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

बाबा शेजारी बसून होते, पण लक्ष सगळं हार्बर ब्रिजमध्ये. १९३२ साली खुला झाला, कमानीचा गाळा ५०३ मीटर. ऊन तापलं की कमानीचा माथा १८ सेंटिमीटरपर्यंत वर सरकतो, म्हणून पायथ्याशी बिजागऱ्या ठेवल्या आहेत. "आणि ते दोन्ही टोकांचे दगडी मनोरे," त्यांनी आवाज खाली आणला, "नुसते शोभेचे. कमानीचा भार त्यांच्यावर मुळीच नाही. लोकांना धीर वाटावा म्हणून बांधलेत."

त्यातल्या एका मनोऱ्यावर चढता येतं, पायऱ्या २००. मी गुडघ्यांकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे.

शेवटी तडजोड झाली. हा आणि लेक मनोऱ्यावर जातील, बाबा आणि मी पुलावरच्या पादचारी वाटेने जमेल तितकं चालू. तिथून बिजागऱ्या दिसत नाहीत. त्या खाली, पायथ्याशी. त्यासाठी डॉझ पॉइंटला जावं लागेल, ते सर्क्युलर कीपासून चालत जाण्याइतकं जवळ. दोऱ्याने मोजून झालंय.

अर्जात प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी 'पर्यटन' निवडलं.

"पूल लिही," बाबा म्हणाले.

म्हटलं, बाबा, तो पर्याय यादीत नाही.

"मग 'इतर' असेल बघ."