आपापसांत मिटवून घ्या

चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे काढली. तिथल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, उत्पादन आणि मेंटेनन्स यांच्यातला एक वाद कायमचा असे. मशीन बंद पडले की तो वेळ कोणाच्या खात्यावर लिहायचा, हा तो वाद. एकदा आमच्या सेटरने, म्हणजे मशीनवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बसवणाऱ्या कामगाराने, डायला तडा गेल्याचे आदल्या पाळीतच कळवले होते, लॉगबुकात तशी नोंदही होती. तरीही दुसऱ्या दिवशी डाय फुटल्यावर दोष त्याच्यावरच आला, आणि व्यवस्थापकांनी ती वही न उघडताच ‘आपापसांत मिटवून घ्या’ असे सांगून विषय संपवला. मेंटेनन्सचा प्रमुख साहेबांच्या मर्जीतला आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

सेटरने नोकरी सोडली नाही. तो वेळेवर येत राहिला, पण काही खटकले तरी सांगेनासा झाला.

मेयर आणि अ‍ॅलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: माणूस संस्थेत राहतो तो आपुलकीने, सोडणे परवडत नाही म्हणून किंवा राहणे हे आपले कर्तव्य वाटते म्हणून. घराचे हप्ते फेडणारा आमचा सेटर त्या दिवशी पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात गेला, आणि हजेरीपटावर हा बदल कुठेच दिसला नाही. किती लोक सोडून गेले, एवढ्यावरच निष्ठा मोजणाऱ्या कंपन्या इथेच फसतात, असे माझे ठाम मत आहे.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांना तक्रार निवारण समिती २०१० च्या कायदादुरुस्तीने बंधनकारक झाली. आमच्याकडेही ती होती. सेटर तिच्याकडे गेला नाही, कारण त्याच्या लेखी कंपनी म्हणजे साहेबच, आणि साहेबांनी आपले म्हणणे ऐकून घेतलेच नव्हते.

पुढे व्यवस्थापक बदलले. पुन्हा तसाच वाद झाला, तेव्हा नवे साहेब स्वतः मशीनपाशी आले, लॉगबुक उघडले आणि दोघांनाही समोरासमोर बोलू दिले. निकाल या वेळी सेटरच्या विरोधात गेला, कारण चूक खरोखर त्याचीच होती. त्याने ती तिथेच मान्य केली. त्याच आठवड्यात पाळी सुटताना तो मला हाताला धरून प्रेसकडे घेऊन गेला. डायच्या कडेला केसाएवढी बारीक रेघ होती आणि तिच्याभोवती त्याने खडूने गोल काढून ठेवला होता.