तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नॉनप्लस्ड’

‘कोशात अर्थ दिलेला असताना एका शब्दासाठी लेखकाला पत्र कशाला लिहिता?’ संपादक विचारतात, भाषांतर शिकणारी मुलंही विचारतात. तो शब्द ‘नॉनप्लस्ड’.

मूळ लॅटिन ‘नॉन प्लुस’, म्हणजे ‘आणखी नाही’. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही अशी अवस्था. इंग्रजीत १६व्या शतकापासून त्याचा अर्थ गोंधळलेला, निरुत्तर झालेला. पण ‘नॉन’ नकारार्थी वाटतं, म्हणून अमेरिकेत पुष्कळ जण तो नेमका उलटा वापरू लागले: अविचल. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशात आता दोन्ही अर्थ आहेत.

मी मात्र पहिलाच खरा मानायचे. दुसरा म्हणजे अडाणीपणा, असं वर्गातही ठासून सांगायचे.

मग अमेरिकेत वाढलेल्या एका लेखिकेचं वडिलांवरचं पुस्तक भाषांतराला आलं. डॉक्टर आजाराचं नाव सांगतात. वडील ‘नॉनप्लस्ड’ होतात, चष्मा पुसतात आणि पुढची तारीख विचारतात. मी लिहिलं, ‘बाबा पार गोंधळून गेले.’ चष्मा पुसणं त्यात चपखल बसलं.

पुस्तक छापून आल्यावर लेखिकेच्या आईंचा फोन आला. इंग्रजी पुस्तक त्यांना वाचता आलं नव्हतं. मराठीचीच वाट पाहत होत्या. म्हणाल्या, “हे गोंधळले नव्हते हो. मी शेजारीच बसले होते. गोंधळले होते ते आम्ही.” आवाज चढला नव्हता. मी कोशाचा दाखला दिला. होय, नवरा गेलेल्या बाईला मी कोशाचा दाखला दिला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “माझ्या प्रतीत मी पेनाने खोडलंय.”

माझा अर्थ चुकीचा नव्हता, हे आजही म्हणेन. पण गोंधळलेला माणूस पुढची तारीख विचारत नाही. ते वाक्यातच होतं आणि मी ते वाचलं नाही. म्हणून पत्र लिहिते. लिहिणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ होता, ते कोश सांगत नाही.

आज तेच वाक्य आलं आणि विचारायला कोणी नसलं, तर ‘बाबा काही बोलले नाहीत’ असं लिहीन. लॅटिनला ते जवळचं आहे, आणि दोन्ही अर्थ त्यात मावतात. पूर्वीची मी याला पळवाट म्हणाली असती. तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.