दोऱ्यानं झाकलेली चूक

उपग्रहाला अंतराळात दिशा धरायला लावायची, हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. फळ्यावर समीकरणं मांडताना हात कधी अडला नाही. अडलो ते छताला टांगलेल्या किलोभर वजनाच्या एका डब्यापाशी, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या उपग्रहाच्या नमुन्यापाशी.

रॉकेटपासून सुटलेला छोटा उपग्रह गरगरत असतो. तो थांबवायला आत तांब्याच्या तारेच्या कॉइल असतात. फिरणाऱ्या उपग्रहाला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलताना दिसतं. मॅग्नेटोमीटर तो बदल मोजतो आणि त्याच्या उलट दिशेनं कॉइलचं चुंबकत्व उभं करायचं. या पद्धतीला 'बी-डॉट' म्हणतात. सगळी मदार एका उणे चिन्हावर.

आदल्या आठवड्यात डबा हळूहळू मंदावत थांबला होता. थांबल्याक्षणी आम्ही रेकॉर्डिंग बंद केलं आणि पेढे वाटले.

त्या दिवशी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "सर, हा दोरा आखूड आहे नि पीळही खूप घेतोय. बदलू का?" तिनं छतापासून तीन मीटर लांब, बारीक तंगूस लावला. डब्याला हलका झटका दिला, कंट्रोलर चालू केला. डबा मंदावेना. उलट वेग घेऊ लागला. कुणीतरी पंखा बंद आहे का ते बघून आलं. बंदच होता.

मला जपानचा 'हितोमी' उपग्रह आठवला. २०१६ च्या मार्चमध्ये चुकीचे आकडे वर पाठवले गेले आणि फिरणं थांबवण्याऐवजी थ्रस्टरनी, म्हणजे दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांनी, ते वाढवलं. सौर पंखे तुटून गेले.

आदल्या आठवड्यात डबा थांबवला होता तो दोऱ्याच्या पिळानं! आणखी मिनिटभर बघितलं असतं, तर तो उलटा फिरताना दिसला असता. पेढ्यांची घाई नडली. अर्थात माझीच.

होकायंत्र आणलं. कॉइलमध्ये प्रवाह सोडला, तर जिथं उत्तर टोक ओढलं जायला हवं तिथं दक्षिण ओढलं गेलं. तारेची दोन्ही टोकं एकाच रंगाची. सुरुवात कुठली, शेवट कुठला, यावर खूण नव्हती.

"कोडमध्ये चिन्ह बदलतो सर, दोन मिनिटांचं काम," एक मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात तोवर ठीक. पुढच्या वर्षी कुणी नवी कॉइल बरोबर दिशेनं जोडली, की पुन्हा हेच. दुसऱ्याला पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' उपग्रह आठवला, "त्यांनी नुसतं कायमचं चुंबक नि गरगरणं आपोआप जिरवणाऱ्या हिस्टेरिसिसच्या पट्ट्या बसवल्या होत्या. ना कोड, ना कॉइल!" सगळे हसले. मीही.

सोल्डर सोडवून टोकं अदलाबदल केली. तंगूस सुचवणाऱ्या मुलीनं आपल्या नेलपॉलिशनं सुरुवातीच्या टोकावर लाल ठिपका दिला. रात्री साडेनऊला डबा मंदावत थांबला. या वेळी पुढची वीस मिनिटं कुणीही कॅमेऱ्याला हात लावला नाही.