छातीवर एलईडी लावून कोण येतं?

2007 च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टवर एमआयटीची एक 19 वर्षांची मुलगी मित्राला घ्यायला गेली. काळ्या हुडीवर पुढे ब्रेडबोर्ड (सर्किट जोडून बघायची छिद्रांची पाटी), त्यावर चांदणीच्या आकारात हिरवे एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि हातात खेळायच्या मातीचा गोळा. चौकशीच्या काउंटरवर फ्लाइटचं विचारलं, तिथल्या बाईंना धडकी भरली, आणि ही बाहेर येते तोवर मशीनगनवाले पोलीस समोर हजर! सांगितलेलं निमूट ऐकलं म्हणून वाचली, असं पोलीसच नंतर म्हणाले.

आता लोगनचं पण समजू शकतो हं. 2001 मध्ये ट्विन टॉवर्सवर आदळलेली दोन्ही विमानं इथूनच उडाली होती, दुधाने तोंड पोळलंय म्हटल्यावर ताक फुंकणारच. त्यात 2007 च्याच जानेवारीत बॉस्टनमध्ये शहरभर लावलेल्या कार्टूनच्या एलईडी पाट्यांना बॉम्ब समजून पूल, रस्ते बंद केले होते, जाहिरात होती ती फक्त.

बॅगेतल्या वस्तूंचं तर अजून अवघड. एक्स-रेच्या स्क्रीनवर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी, म्हणजे चीज, साबण, चॉकलेट आणि स्फोटकं सगळी एकाच रंगात, आता त्याच्या शेजारी बॅटरी आणि दोन वायरी आल्या की बघणाऱ्याने काय समजायचं? त्याच्याकडे सेकंदं मोजकीच असतात. तिथे बॅग उघडायला लावली तर माझी अजिबात तक्रार नाही.

पण उघडी वायर दिसली की घाबरायचं आणि कंपनीच्या डब्यातली वस्तू सभ्य मानायची, हे मला पटत नाही. 1988 ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर विमान पाडलं, 270 माणसं गेली, तो बॉम्ब एका रेडिओ कॅसेट प्लेअरमध्ये होता, दुकानात मिळतो तसल्या. ज्याला खरंच काही उडवायचंय तो छातीवर दिवे लावून चौकशी करायला येईल का राव?

तरी घरी केलेलं सर्किट न्यायचंच असेल तर बॅटरी काढून ठेवा, पारदर्शक डब्यात ठेवा, आणि ट्रेमध्ये ठेवतानाच आपणहून सांगा काय आहे ते. फार तर स्वॅब (स्फोटकांचे कण टिपायचं फडकं) फिरवतील, तो मशीनमध्ये घालतील, थोडं थांबावं लागेल. आणि प्लीज, तिथे बॉम्बचा जोक मारू नका, कितीही सुचला तरी.