मनास ज्जनाभ क्तिपंथे

निवांत दुपारी शेजारी कुणी 'मनास ज्जनाभ क्तिपंथे चिजावे' असं म्हणू लागलं, तर कानांवर हात ठेवावेसे वाटतील. पण परीक्षेत 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' या ओळीचे 'गण पाडा', म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट करा, म्हटलं की होतं ते हेच. ओळीचं वृत्त भुजंगप्रयात; त्याच्या चरणात 12 अक्षरं, चार य गण; म्हणजे लघू-गुरू-गुरू चारदा. सज्जनाचे दोन तुकडे होतात, गुण मात्र पूर्ण मिळतात.

आधी खुणा करायच्या. ऱ्हस्व ते लघू, दीर्घ ते गुरू, अनुस्वार किंवा विसर्ग असला तरी गुरूच. इथवर डोळे पुरतात. जोडाक्षर आलं की कान लागतो. 'सज्जना'तला 'स' पुढच्या 'ज्ज'चा आघात सोसतो म्हणून गुरू. 'भक्ति'तला 'भ'ही तसाच. पण 'तुझ्या', 'पुन्हा' म्हणून पाहा. 'तु' आणि 'पु' यांवर आघातच येत नाही, ते लघूच राहतात. जोडाक्षर दिसलं रे दिसलं की मागे गुरू ठोकणारे नेमके इथे आपटतात. शंका आली तर मोठ्यानं म्हणावं, दुसरा उपाय नाही. आणि शुद्धलेखनाच्या उत्साहात 'भक्तिपंथेचि'तल्या 'चि'ची 'ची' केली, तर शेवटच्या य गणाचा म गण, म्हणजे तिन्ही गुरू, होऊन बसतो.

गणांचा तक्ता घोकायची तर गरजच नाही. 'यमाताराजभानसलगम्' एवढं आलं की झालं. हवा तो गण, त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं उचलायची: यमाता, राजभा, नसल. हे ज्यानं कुणी जुळवलं, त्याच्यापुढे निम्मे अलंकार फिके.

मात्र गण हा निव्वळ हिशेब. थांबायचं कुठे हे यती ठरवते, आणि ती गणांना विचारत नाही. मंदाक्रांता वृत्ताचे गण म, भ, न, त, त आणि शेवटी दोन गुरू, अक्षरं 17. यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर, म्हणजे भ गण सुरू होतो न होतो तोच पहिला थांबा. चार गुरूंची संथ चाल, थांबा, मग पाच लघूंची पळापळ. गणागणानं म्हणणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर चौथा गण आणि यती एकदमच येतात, तेवढाच समेट.

ओवीला यातलं काहीच लागू नाही. साडेतीन चरण, पहिल्या तिघांच्या शेवटी यमक, अक्षरांचं बंधन सैल. तरीही कुणी तिचे गण पाडायला बसलाच, तर बसू द्यावं.